बारा लंगोट

१

दवाखान्यात न्यायच्या बॅगेची यादी मी केली, कारण घरात यादी करण्याचा अनुभव फक्त मलाच आहे. लघु पाटबंधारे उपविभागात मी बत्तीस वर्षं लिपिक होतो. आमच्या कोहळी समाजाच्या पूर्वजांनी तलाव खोदले, मी त्या तलावांच्या फायली बांधल्या. ज्याच्या त्याच्या ताकदीचं काम.

आमची एकुलती एक मुलगी डिंपल पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून सडक अर्जुनीला आली होती. नववा महिना लागला होता. जावई हेमराज शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहिल्या बसनं जायचा आणि मधल्या काळात फोनवर 'सगळं ठीक?' एवढंच विचारायचा. माणूस चांगला आहे.

यादीत तेवीस बाबी होत्या. रकाने चार: अनुक्रमांक, बाब, नग, शेरा. प्रती तीन. एक बॅगेत, एक कपाटाच्या दारावर चिकटवलेली, एक माझ्या खिशात.

"बाबा, मी डिलिव्हरीले जाऊन राहिली का इलेक्शन ड्यूटीले?" डिंपलनं विचारलं.

"दोन्हीकडं सामान विसरलं तर मागे वळता येत नाही," मी म्हटलं.

मी हे गमतीनं म्हटलं होतं. पण भाजी निवडत बसलेली माझी बायको शांती सूप तसंच ठेवून उठली आणि मागच्या परसात, सांदवाडीत गेली. तिथं त्या वेळी तिचं काहीच काम नव्हतं.

बाब क्रमांक चौदा: लंगोट, नग बारा. माझी जुनी धोतरं फाडून शांतीनंच शिवले होते. बाब क्रमांक पंधरा: झबलं, जुनं, नग एक. आमच्याकडं बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. जे लेकरू जगलं, चांगलं वाढलं, त्याच्या अंगावरचं जुनं झबलं काढून ठेवतात आणि ते आधी घालतात. हे काम बायकांचं. पण शांती भाच्याच्या साखरपुड्यासाठी चार दिवस आमगावला गेली आणि माझ्या यादीत फक्त पंधरा नंबरासमोर खूण करायची राहिली. बावीस खुणा आणि एक रिकामी जागा. मला जेवण गोड लागेना.

मी तिची लोखंडी पेटी उघडली. तळाशी, लुगड्यांच्या खाली, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेलं पिवळं झबलं सापडलं. डिंपलचंच असणार. कापड जरा कडक लागलं, रंगही जसाच्या तसा होता. शांती सामान जपते, असा शेरा मी मनात मारला आणि झबलं बॅगेत ठेवलं. जन्मभर प्रत्येक कागदाची आधी तारीख पाहणाऱ्या माणसानं वर्तमानपत्राचा तो तुकडा न वाचता चुरगाळून फेकून दिला.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मी बॅग तपासली. तपासायचं कारण नव्हतं. पण निवृत्त माणसाला सकाळी काहीतरी तपासावं लागतं.

बारा लंगोटांपैकी सगळ्यात वरचा ओला होता.

डिसेंबर चालू होता. दीड महिन्यात पावसाचा थेंब नव्हता, आणि आमचं छत स्लॅबचं आहे. बॅग मधल्या खोलीत, टेबलावर. शेजारी पाण्याचं भांडं नाही. मी मांजरावर संशय घेतला, पण मांजर चेन उघडून आत जाईल आणि जाताना परत लावेल, हे मला आमच्या जुन्या कार्यालयातल्या काही माणसांकडूनही अपेक्षित नव्हतं.

मी लंगोट धुऊन वाळत घातला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'ओलसर. कारण अज्ञात.'

तिसऱ्या दिवशी दोन ओले. मी बॅग गोदरेजच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. चौथ्या दिवशी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत तीन ओले.

ओले होते, हे मी शेऱ्यात लिहिलं. कोमट होते, हे लिहिलं नाही.

३

डॉक्टरीणबाईंनी डिंपलला सांगितलं होतं की रोज न्याहारीनंतर कुशीवर पडून बाळाच्या लाथा मोजायच्या. दोन तासांत दहा व्हायला पाहिजेत. ती मोबाइलवर मोजायची. माझा मोबाइलवर विश्वास नसल्यामुळे मी शेजारी खुर्ची टाकून यादीच्या मागच्या बाजूला रेघा मारायचो.

पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात दहा होत. "हा तर कबड्डी खेळून राहिला," असं डिंपल म्हणायची. कधी पोटावर माझा हात नेऊन दाखवायची, "इथं पाहा बाबा, टाच." कातडीखालून एक छोटा, टणक उंचवटा तळहाताला लागायचा आणि सरकून जायचा. पासष्टाव्या वर्षी माणसाला नवीन काही कळत नाही, असं मला वाटायचं. ते चूक निघालं.

मग एके दिवशी दहा व्हायला एक तास लागला. दुसऱ्या दिवशी दीड. मी कागद उलटा केला आणि सुलटा केला. एका बाजूला ओले लंगोट, दुसऱ्या बाजूला लाथांना लागलेला वेळ. एक ओला, अर्धा तास. दोन ओले, एक तास. तीन ओले, दीड तास.

अशा दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तलावाची पातळी आणि तहसीलदारांचा मूड यांचंही एका वर्षी असंच जुळलं होतं. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याच दुपारी डिंपल अंगणात उन्हात बसली होती आणि मी तिच्या केसांना तेल लावणाऱ्या धुरपताबाईशी बोलत होतो. धुरपताबाई आमच्या शेजारची. गावातल्या अर्ध्या लेकरांना तिनंच पहिली आंघोळ घातली आहे.

"पोट्टा का पोट्टी, काय वाटते धुरपताबाई?"

"मले काय वाटून फायदा? आतमंधी जे आहे थेच येईन."

एवढ्यात मला उचकी ऐकू आली. बारीक, एकसारखी, लहान लेकराला लागते तशी. डिंपलच्या बाळाला पोटात उचक्या लागत, तेव्हा ती पोट धरून हसायची, म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. ती डोळे मिटून शांत बसली होती. आणि पोटातल्या बाळाची उचकी दुसऱ्याला ऐकू येत नसते.

आवाज घरातून येत होता. मधल्या खोलीतून. मी आत गेलो तेव्हा थांबला. कपाटाच्या पत्र्याला कान लावून एक माजी वरिष्ठ लिपिक पाच मिनिटं उभा होता. सुदैवानं कोणी पाहिलं नाही.

४

शांती आमगावहून आली ती पेढे ठेवून, मला कपाट उघडायला लावून सरळ बॅगेकडं गेली. "पंधरा नंबर राहिला होता ना जी? आता आनतो मी," असं म्हणत तिनं चेन ओढली. मी अभिमानानं म्हटलं, "पूर्ण केला मी."

तिनं पिवळं झबलं बाहेर काढलं. 

"हे कुटून काढलं?"

"तुझ्या पेटीतून. डिंपलचं ना?"

"डिंपलचं झबलं मी धुरपताबाईच्या नातवाले देल्लं होतं. पिंटूले."

"मग हे?"

तिनं झबलं उलटं केलं आणि माझ्यापुढं धरलं. शिवणीच्या बाजूनं निळ्या पेन्सिलीची रेघ होती. कापण्याआधी मापासाठी मारतात ती. एकदा धुतलं की जाते.

"हे कोनाच्या अंगाले लागलंच नाही," शांती म्हणाली.

मी खुर्चीवर बसलो. तिनं बॅगेतला वरचा लंगोट उचलला, हातानं दाबला, नाकाजवळ नेला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हा धुवाले टाका." तिनं दुसरं काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिचा चेहरा एखाद्याची फार दिवसांनी चिठ्ठी यावी तसा झाला होता.

५

सन एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. दसऱ्याचा दुसरा दिवस. डिंपलच्या आठ वर्षं आधी.

शांतीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण इथंच करायचं ठरलं होतं. तिनं एक गाठोडं बांधून खुंटीला लावलं होतं. सहा लंगोट, टोपरं, दुपटं. जुनं झबलं मागायला तिच्याकडं हक्काचं घर नव्हतं, म्हणून तिनं नवंच शिवलं होतं, पिवळं. सकाळी मी कार्यालयात निघालो तेव्हा तिनं दोनदा सांगितलं, "निरोप आला तर आधी घरी या, गाठोडं घ्या, मंग दवाखान्यात या."

दुपारी मनिराम शिपाई निरोप घेऊन आला. मी सायकल काढली आणि सरळ दवाखान्यात गेलो. गाठोडं खुंटीलाच राहिलं.

मुलगा होता. तो रडलाच नाही. दोष कोणाचा नव्हता. डॉक्टर आणि नर्स घामाघूम होईपर्यंत झटले. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. मग नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "कापड द्या."

माझ्याकडं कापड नव्हतं. सायकलच्या कॅरिअरला बस्ता होता, फायली बांधायचं लाल कापड. मी तो सोडून दिला. नर्सनं कापडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि घेतला.

नंतर मी अर्ज भरला. अक्षर त्या काळात फार चांगलं होतं. 'नाव' या शब्दापुढं मी 'निरंक' लिहिलं. आम्ही सरकारी माणसं जिथं काही कळवायचं नसतं तिथं हा शब्द लिहितो. हातानं लिहिला, मी नाही, असं म्हणता येईल. पण हात माझाच होता.

छत्तीस वर्षांत आम्ही दोघं या विषयावर एक वाक्य बोललो नाही. डिंपलला हे माहीतच नाही. मी मात्र तेव्हापासून कुठंही जाताना यादी करतो. लोक याला शिस्त म्हणतात.

६

दुसऱ्या दिवशी पाच लंगोट ओले होते. आणि डिंपल साडेआठपासून कुशीवर पडली होती. साडेअकरापर्यंत माझ्या कागदावर तीन रेघा होत्या.

ती हसत नव्हती. "बाबा, भुपेंद्रले फोन करा," एवढंच म्हणाली.

भुपेंद्र व्हॅन चालवतो. गोंदियाला पोचेपर्यंत मी कागद आणि पेन हातातच धरून बसलो. दवाखान्यात ठोके तपासले, सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. पण हालचाल कमी वाटते. घरी लक्ष ठेवा, आणखी कमी झाली की लगेच या." मी लक्ष ठेवतच होतो. कशावर ठेवत होतो ते मी त्यांना सांगितलं नाही. शिकलेली बाई होती, मीही शिकलेला आहे. दोघांचाही वेळ गेला असता.

परतताना डिंपल मागच्या सीटवर झोपली. शांती माझ्या कानाशी म्हणाली, "डिंपलच्या लेकराचं सामान वेगळं करा. अन् त्याचं वेगळं भरा."

"कोणाचं?"

"मले काऊन इचारून राहिले? तुमाले माहीत आहे."

घरी आल्यावर मी माळ्यावरून जुनी रेक्झिनची बॅग काढली. कोणत्या तरी प्रशिक्षणात मिळाली होती. शांतीनं पाच ओले लंगोट धुतले नाहीत, तसेच त्यात ठेवले. त्यावर आणखी सात शिवून ठेवले, आणि डिंपलच्या बॅगेत कमी पडलेले पाचही शिवून भरले. टोपरं, दुपटं, काजळाची डबी. सगळ्यात वर पिवळं झबलं. मी नवीन यादी घेऊन बसलो. यादीच्या माथ्यावर मी नेहमी 'कोणासाठी' असं लिहितो. ते लिहिलं आणि पेन थांबलं. 'निरंक' लिहायला हात तयारच होता.

"दसरू," शांती म्हणाली.

"हे नाव कोणी ठेवलं?"

"मी. दवाखान्यातच. तुमी बाहेर फारम भरून राहिले होते तवा."

मी लिहिलं. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलं नाही.

जुन्या झबल्यासाठी मी धुरपताबाईकडं गेलो. "अठ्ठावीस वर्साआधी देल्लेलं वापस मांगून राहिले का बाबूजी? काय दिवस आले!" असं म्हणत तिनं ते काढून दिलं. मऊ झालेलं, विटलेलं, एका बाहीला ठिगळ. ज्या पिंटूनं ते घातलं होतं तो आज हमरस्त्यावर सोळा चाकी ट्रक चालवतो आणि त्याचं वजन पंच्याण्णव किलो आहे. जगल्याचा याहून सज्जड पुरावा तालुक्यात मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी डिंपलच्या बॅगेतले बाराही लंगोट कोरडे होते. लाथा चाळीस मिनिटांत दहा. "आला खेळाडू," डिंपल म्हणाली आणि मग तोंड फिरवून थोडी रडली.

रेक्झिनची बॅग आम्ही आमच्या खोलीत पलंगाखाली ठेवली होती. मी ती उघडून पाहिली नाही. तपासणी न करता बाब निकाली काढण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

७

मंगळवारी सकाळी दहाला डिंपलला कळा सुरू झाल्या. भुपेंद्र दहा मिनिटांत आला. मी खिशातली यादी काढून पहिली बॅग डिकीत ठेवली. मागं पाहिलं तर शांती दुसरी बॅग घेऊन दारात उभी.

"ती कशाला?"

"घरी एकटा राहीन का थो?"

भुपेंद्र म्हणाला, "बाबूजी, दो-दो बॅगा? शादी में जा रहे क्या?" मी त्याला गाडी चालवायला सांगितलं.

दवाखान्यात नर्सनं पहिली बॅग आत नेली आणि दुसरीकडं हात केला. "ही पण द्या. जुळे आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "ही माझ्याजवळ राहू द्या."

शांती डिंपलसोबत आत गेली. हेमराज नागपूरहून निघाला होता. मी लांबलचक व्हरांड्यात लाकडी बाकावर बसलो, बॅग पायाशी ठेवली. वर पंखा कण कण करत फिरत होता. कोणाचा तरी डबा उघडला होता, त्यातल्या मेथीचा आणि फिनेलचा वास एकत्र येत होता. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा आतून डिंपलची शेवटची मोठी किंकाळी आली. मग नर्सचा आवाज, "झालं, झालं."

मग काहीच नाही.

ही शांतता मला ओळखीची होती. छत्तीस वर्षांपूर्वी मी हिच्यात उभा राहिलो होतो, हातात सायकलची किल्ली घेऊन. आत माणसं भराभर हालत होती, भांडं सरकलं, कोणीतरी हळू आवाजात काही मागितलं. रडणं नव्हतं.

माझ्या पायाशी उचकी लागली.

मी बॅग उचलून मांडीवर घेतली. उचकी एकसारखी चालू होती. प्रत्येक उचकीला रेक्झिन किंचित ताणलं जात होतं. व्हरांड्यातला मेथीवाला माणूस पोळीचा तुकडा मोडत होता, त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी बॅगेवर तळहात ठेवला. आतून काहीतरी तळहाताला लागलं. छोटं, टणक, गोल. डिंपलनं दाखवली होती तशी टाच. ती सरकली नाही. नेट लावून तिथंच राहिली.

मला तर्कानं पुष्कळ काही सुचत होतं. काजळाची डबी, घडी पडलेलं दुपटं. मी एकही कारण मनात पूर्ण केलं नाही.

"दसरू," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलेलं हे नाव मला स्वतःलाच पहिल्यांदा ऐकू आलं. "या वेळी सगळं आणलंय बापू. काहीच विसरलो नाही."

मी थोपटत राहिलो. तीन-चार वेळा थोपटलं असेल. टाच सैल झाली आणि हळूच मागे गेली. उचकी थांबली.

आत बाळ रडलं. असं रडलं की मेथीवाल्याच्या हातातली पोळी खाली पडली.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे. नर्सनं तिला पिंटूच्या झबल्यात गुंडाळून आणलं, म्हणाली, "थोडा वेळ घेतला, पण आवाज पाहा तिचा." हेमराज धापा टाकत जिन्यावरून आला आणि 'सगळं ठीक?' असं न विचारता भिंतीला टेकून खाली बसला.

संध्याकाळच्या आत मी आणखी चादरी आणायला घरी निघालो. भुपेंद्र म्हणाला, "बॅग पीछे डाल दूँ?" मी नको म्हटलं. सकाळी शांतीनं ती एका हातानं आणली होती. मला मात्र दुसरा हात खालून लावावा लागला. किती वजन वाढलं ते मला काट्याशिवाय सांगता आलं असतं. गाडी हलायला लागली तेव्हा मी चेन चार बोटं उघडी केली, हवा जावी म्हणून.

८

याला आता सव्वा महिना झाला. नातीनं बाळसं धरलं आहे. डिंपल अजून आमच्याकडंच आहे. सांदवाडीत लंगोट वाळत घालायला मी दोन दोऱ्या बांधल्या आहेत, आणि दोन्ही रोज भरतात.

"आई, माझ्या पोरीले एवढे लंगोट लागतात?" डिंपलनं परवा विचारलं.

"थंडीचे दिवस आहेत. वाळत नाहीत लवकर," शांती म्हणाली. ऊन चांगलं कडक होतं. मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. आता मी पुन्हा त्याची तारीख आधी पाहतो.

काल शांतीनं बाजारातून पिवळं कापड आणलं. पलंगावर पसरलं, निळी पेन्सिल घेतली आणि मला विचारलं, "जुन्या मापापेक्षा दोन बोटं वाढवू का तीन?"

नातीला पिंटूचं झबलं अजून सैल होतं.

मी थोडा विचार केला.

"तीन," मी म्हटलं.